परसातला खारा तलाव

‘खाऱ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव’ असे म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा समुद्र उभा राहतो. एखाद्या धनिकाने परसात खड्डा खणून त्यात नळाने समुद्राचे पाणी आणून सोडले असावे, अशी काहीशी समजूत होते. प्रत्यक्षात या तलावाचा समुद्राशी काडीचाही संबंध नसतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दवाखान्यात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, आणि आपली आसवेही जवळजवळ तेवढीच खारट. या तलावाला मात्र लिटरमागे चारपाच ग्रॅम मीठ पुरते. काही यंत्रे तर तिनावरच भागवतात. म्हणजे ज्याला लोक मोठ्या ऐटीत ‘सॉल्ट पूल’ म्हणतात, ते पाणी आसवांच्या निम्म्यानेच खारे. चुकून घोट गेलाच, तर आमटीत मीठ कमी पडले म्हणून तक्रार करावी इतके अळणी!

दुसरी समजूत याहून घट्ट आहे. या तलावात म्हणे क्लोरीन नसते. मिठानेच पाणी शुद्ध राहते. तलाव विकणारी मंडळीही ही समजूत फारशी मनावर घेऊन खोडीत नाहीत. खरी गोष्ट अगदी उलट आहे. मीठ हे येथे औषध नव्हे; ते औषधाचा कच्चा माल आहे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचा संसार. पंपाने ओढलेले पाणी गाळणीतून निघाले की एका नळकांड्यातून जाते. त्याला ‘सेल’ म्हणतात. आत टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांतून वीज खेळवलेली असते. खारे पाणी त्या पट्ट्यांमधून वाहू लागले की मिठातला क्लोरीन सुटा होतो, तेथल्या तेथे पाण्यात विरघळतो आणि जंतूंचा समाचार घेऊ लागतो. काम आटोपले की तो पुन्हा मिठाच्या रूपात परत येतो आणि दुसऱ्या फेरीला सिद्ध होतो. त्यामुळे मीठ संपत नाही. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ज्यांनी उरण-वसईकडची मिठागरे पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. मीठ कमी होते ते मुलांनी उडवलेल्या पाण्याबरोबर, गाळणी धुतलेल्या पाण्याबरोबर, नाहीतर पावसाने तलाव भरून वाहिला तर. म्हणून ‘खारा तलाव’ याचा सरळ अर्थ इतकाच, की घरमालकाने परसात क्लोरीनचा एक चिमुकला कारखाना काढला आहे. आणि कारखाना म्हटला की त्याला कोणी तरी सांभाळणारा लागतो.

ही यंत्रे घरोघर रुजली ती ऑस्ट्रेलियात, १९७० नंतरच्या दशकात. अमेरिकेने ती बऱ्याच उशिराने उचलली. तेथे ऊन भरपूर, अंगणे ऐसपैस आणि पोहणे म्हणजे जवळजवळ राष्ट्रधर्म. हॅरॉल्ड होल्ट हे त्यांचे पंतप्रधान १७ डिसेंबर १९६७ रोजी समुद्रात पोहायला म्हणून उतरले ते परत आलेच नाहीत. आणि मेलबर्नच्या लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ नाव दिले ते एका पोहण्याच्या तलावाला! आपल्याला हे चमत्कारिक वाटते. तेथल्यांना त्यात काही वावगे दिसत नाही.

माझी थोरली बहीण क्वीन्सलंडमधील ब्रिस्बेन शहरात राहते. २०२३ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी तिच्याकडे होतो. आपली दिवाळी तेथे वसंतात येते. इकडे अभ्यंगस्नानाला कढत पाणी हवेसे वाटते, तेव्हा तिकडे जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडलेला असतो, आणि हिवाळाभर दुर्लक्षित राहिलेले तलाव घासूनपुसून मोकळे करण्याची घाई चाललेली असते. बहिणीच्या परसात असा एक तलाव आहे. घर घेतले तेव्हा तो घराबरोबरच आला. हौसेने बांधलेला नव्हे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. हिशेब केला तर ४८,००० लिटर पाणी.

पहिली काही वर्षे त्याची काळजी एका कंपनीचा माणूस वाही. दर पंधरवड्याला तो येई, कुपीत पाणी भरून नेई आणि दुकानातल्या यंत्रातून एक छापील कागद काढून आणी. त्या कागदावर पाचसहा औषधांची नावे असत. अमुक किलो हे, तमुक लिटर ते. बिल चुकते करायचे आणि विचारायचे काही नाही. एकदा पाणी सारखे गढुळू लागले. कंपनीने शेवाळाचे औषध दिले, पाणी चमकवण्याचे दिले, पानांतून उतरणारा फॉस्फेट मारण्याचे दिले. दोन महिन्यांनी माझ्या मेव्हण्यांनी, म्हणजे दाजींनी, स्वतः सेल उघडून पाहिला तो पट्ट्यांवर चुन्याचे पांढरे थर बसलेले! क्लोरीन तयारच होत नव्हता. चूल विझलेली, आणि स्वयंपाकी मसाले बदलून पाहत होता.

तरी खरा निर्णय झाला तो २०२२ च्या फेब्रुवारी अखेरीस. त्या वर्षी ब्रिस्बेनला महापूर आला. दाजींचे घर उंचवट्यावर, म्हणून पाणी घरात शिरले नाही. पण वीज गेली, रस्ते तुंबले, कंपनीचा माणूस तीन आठवडे फिरकला नाही. तलाव हिरवा झाला. हिरवा म्हणजे आपल्या गावाकडच्या आडबाजूच्या डबक्यासारखा. पहिली पायरीसुद्धा दिसेना. तेव्हा दाजींनी ठरवले की हे आपले आपण शिकायचे. पेशाने ते बँकेच्या हिशेबातले गृहस्थ. रसायनाचा आणि त्यांचा संबंध मॅट्रिकलाच सुटलेला. पण हिशेबातल्या माणसाची एक खोड त्यांना उपयोगी पडली: जे मोजले नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मी गेलो तेव्हा त्यांची एक शंभरपानी वही भरत आली होती. रोज सकाळी चहाआधी ते तलावाच्या कडेला बसत, हात कोपरापर्यंत बुडवून आतल्या थरातले पाणी छोट्या नळीत घेत, आणि थेंब टाकून रंग पाहत. पाणी गुलाबी झाले म्हणजे क्लोरीन आहे. जितके गडद तितके जास्त. आपल्या खेड्यांतून ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो आणि मग ‘ओटी टेस्ट’ घेतो ना, त्याचेच हे चुलत भावंड. ओटीत रंग पिवळा येतो, यात गुलाबी. एक गंमत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. क्लोरीन फारच झाला तर तो हा गुलाबी रंगच उडवून लावतो आणि नळी कोरी दिसते. अजाण माणूस ‘क्लोरीन नाही’ म्हणून आणखी ओततो! म्हणून नळी कोरी दिसली की दाजी थोडे साधे पाणी मिसळून पुन्हा परीक्षा घेत.

मापे सगळी दशलक्षात किती भाग या हिशेबाने, म्हणजेच लिटरला किती मिलिग्रॅम. ऐकताना हे भयंकर वाटते. पण ४८,००० लिटरांच्या तलावात ‘एक भाग’ क्लोरीन म्हणजे फक्त ४८ ग्रॅम. जुन्या मापाने छटाकभरही नाही! एवढ्याशा ऐवजावर सारे घर निर्धास्त पोहत असते. दाजींचा सेल तासाला २५ ग्रॅम क्लोरीन करतो. आठ तास चालवला की २०० ग्रॅम, म्हणजे तलावाला चार भाग. उन्हाळ्याच्या दिवसात जवळजवळ तेवढा खर्चही होतो. मिठाचा हिशेब याहून सोपा. लिटरला पाच ग्रॅम ठेवायचे तर सगळे मिळून २४० किलो. वीस किलोच्या बारा गोण्या. पावसाने पातळ होऊन चार ग्रॅमवर आले तर ४८ किलो आणून टाकायचे. मीठ आयोडीन न घातलेले हवे, आणि ते पुरते विरघळेपर्यंत सेल बंद ठेवून नुसता पंप चालवायचा.

“दाजी,” मी एकदा म्हणालो, “एवढं सगळं करायचं म्हणजे दावणीला म्हैस बांधल्यासारखंच की!”

“म्हैस बरी, पावणं,” ते नळी हलवीत म्हणाले, “ती निदान हंबरते. हे मुकं जनावर. उपाशी असलं तरी तसंच चकाकतं.”

त्यांच्या या बोलण्यात सारे सार होते. मी मराठीचा मास्तर. त्या दिवशी मनातल्या मनात उजळणी केली. नितळ, निवळ, निर्मळ, स्वच्छ, निवळशंख. पाण्याला आपण किती विशेषणे देऊन ठेवली आहेत! पण बारकाईने पाहिले तर ती बहुतेक सगळी डोळ्यांची विशेषणे आहेत. आपले पूर्वज पाण्यात तुरटी फिरवीत, निवळीच्या बिया उगाळून घालीत. गाळ खाली बसे आणि पाणी नितळ होई. (तुरटीच्याच जातीचे द्रव्य आजही गढूळ तलाव निवळायला वापरतात.) परंतु नितळ पाणी निर्जंतुक असेलच असे नाही, हे कळायला जगाला फार काळ लागला. क्लोरीन हा वायू १७७४ साली शीलेला सापडला, १८१० साली डेव्हीने त्याचे नामकरण केले, आणि अमेरिकेतल्या जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात तो नियमाने घातला जाऊ लागला तो १९०८ साली. तेव्हाही न्यायालयात डॉ. जॉन लील यांना फैलावर घेतलेच होते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, रविवारी आले. सुटीचा दिवस म्हणून बहिणीने चारपाच मराठी कुटुंबांना फराळाला बोलावले होते. फराळाआधी मुलांनी पोहावे असा बेत. आदल्या रात्री तेथल्या रिवाजाप्रमाणे गडगडाटी वादळ झाले. सकाळी पाहतो तो तलाव आरशासारखा. तळाची फरशी न् फरशी मोजून घ्यावी. पोशाख चढवून आठ मुले फाटकाशी गोळा झाली. त्यांत सगळ्यांत पुढे दहा वर्षांची माझी भाची. दाजी नळी घेऊन बसले. थेंब टाकला. रंग आलाच नाही. साधे पाणी मिसळून पुन्हा पाहिले, तरी कोरेच. विजेच्या लखलखाटात सेलचा खटका पडला होता, आणि आठवड्याचा पाऊस एका रात्रीत तलावात उतरला होता.

“बाबा, पाणी तर किती स्वच्छ दिसतंय!” भाचीने गळा काढला.

“दिसतंय खरं. पण आत पहारेकरी नाही. दोन तास कुणी उतरायचं नाही.”

पाहुण्यांपैकी एकदोघांना हा अतिरेक वाटला. “अहो, आम्ही पंचगंगेत पोहून मोठे झालो,” एकजण म्हणाले. दाजी हसले, पण फाटकाची कडी त्यांनी काढली नाही. त्यांनी दुकानी मिळणारा द्रवरूप क्लोरीन सव्वा लिटरच्या आसपास मोजून घेतला, पंप चालू ठेवून कडेकडेने सोडला, आणि स्वतः चकल्या खात बसले. दोन तासांनी नळी गुलाबी झाली, तीन भाग भरले, आणि मगच कडी निघाली.

हा अतिरेक होता का? आठ मुले पाण्यात उतरली की घाम, थुंकी, नाकातले शेंबूड आणि सांगू नये ते सारे पाण्यात उतरते. क्लोरीन नसेल तर एकाच्या पोटातला जंतू दुसऱ्याच्या पोटात जायला काही आडकाठी उरत नाही. आणि ऑस्ट्रेलियाला या बाबतीत एक जुनी धास्ती आहे. १९६५ साली ॲडलेड येथील माल्कम फाउलर आणि कार्टर या दोघा वैद्यांनी मेंदूच्या एका जीवघेण्या दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूकडे जातो. पुढे त्याला फाउलर यांचेच नाव मिळाले. रोग अत्यंत दुर्मीळ, पण झाला तर क्वचितच कोणी वाचतो. २०२४ आणि २०२५ साली केरळात अमिबाच्या मेंदुज्वराचे रुग्ण आढळले, तेव्हा आपल्याकडेही वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. पाण्यात क्लोरीन नीट राखला की हा अमिबा टिकत नाही. मात्र क्लोरीनलाही दाद न देणारे काही महाभाग आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभरसुद्धा तग धरतो. म्हणून पोट बिघडलेल्या मुलाने बरे झाल्यावरही दोन आठवडे तलावात उतरायचे नाही, हा नियम दाजींच्या घरी देवळातल्या सोवळ्यासारखा पाळला जातो.

क्लोरीन नुसता असून भागत नाही. तो कामाच्या अवस्थेत असावा लागतो. पाणी आंबट की अल्कधर्मी हे ज्या अंकाने मोजतात, त्या ‘पीएच’वर सारे अवलंबून. साडेसातच्या आसपास असेल तर क्लोरीनचा निम्मा भाग चपळ असतो. आठावर गेला की चौथाईसुद्धा उरत नाही. आणि खाऱ्या तलावात पीएच आपोआप वर चढत राहतो, कारण सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडेही निघतात. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ते बाहेर काढतात आणि पाण्याचा आंबटपणा कमी होतो. म्हणून आठवड्याला थोडे हायड्रोक्लोरिक ॲसिड घालावे लागते. पीएच सातावर दोन ते सहा दशांश राखायचा. हिशेबाने येईल त्याच्या निम्मेच आधी घालायचे, काही तासांनी मोजायचे, मग उरलेले. ‘मीठ टाकले की झाले’ असे सांगणारे विक्रेते या ॲसिडाचे नाव काढीत नाहीत.

आणखी एक शत्रू म्हणजे ऊन. भर दुपारच्या उन्हात उघडा क्लोरीन दोनतीन तासांत जवळजवळ सगळा उडून जातो. त्यासाठी सायन्युरिक आम्ल नावाचे द्रव्य लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवतात. ते क्लोरीनवर छत्री धरते. पण छत्री मोठी झाली की क्लोरीन तिच्याखालीच झोपा काढतो. हे द्रव्य पाण्यातून जात नाही, साचतच राहते. कमी करायचे तर तलावातले काही पाणी काढून ताजे भरणे हाच मार्ग. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा क्लोरीनच्या वड्यांत ते आधीच मिसळलेले असते. वर्षानुवर्षे वड्या टाकणाऱ्याला मग समजेनासे होते की क्लोरीन भरपूर असूनही शेवाळ का धरते.

नाकाला झोंबणाऱ्या वासाबद्दलही लोकांचा गैरसमज आहे. तलावाचा उग्र वास आला की ‘फार क्लोरीन घातलाय’ असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो वास क्लोरीनचा नव्हे, घामाशी आणि लघवीशी झुंजून थकलेल्या क्लोरीनचा आहे. त्याला आणखी कुमक हवी असते. नीट राखलेल्या तलावाला वास जवळजवळ नसतोच.

या साऱ्या विद्येत जिवावर बेतणारा भाग एकच, तो ॲसिडाचा. ॲसिड आणि क्लोरीनचे कोणतेही द्रव्य एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलात बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी खंदकांवर सोडला होता तोच हा. दाजींनी दोन्हींसाठी दोन वेगळी कपाटे केली आहेत, अंगणाच्या दोन टोकांना. मापेही वेगळी, एकाचा पेला दुसऱ्यात बुडवायचा नाही. दोन तऱ्हेची क्लोरीनची द्रव्ये सुद्धा एका डब्यात मिसळायची नाहीत. त्यांचा भडका उडू शकतो. आणि ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचे, ॲसिडात पाणी कधीही नाही. सेलवरचे चुन्याचे थर काढताना हे पथ्य लागते. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ. भाची या कपाटांच्या जवळपासही जात नाही. नळीत थेंब टाकणे मात्र तिला शिकवले आहे.

बाकीचे काम सोप्या मोलकरणीचे. निलगिरीची पाने बारा महिने गळतात, ती जाळीने काढायची. बाजूच्या खोबणीतली टोपली रोज रिकामी करायची. पण हात घालण्याआधी डोळ्यांनी पाहायचे. क्वीन्सलंडात १९३५ साली उसावरचे किडे खातील म्हणून हवाईहून आणलेले विषारी भेक आता घरचेच झाले आहेत, आणि टोपलीत त्यांचा मुक्काम ठरलेला. सिडनीकडे तर फनेल-वेब नावाचा जहाल कोळी तलावाच्या तळाशी मेल्यासारखा पडून असतो आणि तासन् तास जिवंत राहतो. गाळणी धुतल्याचे पाणी झाडांना घालायचे नाही. खारट पाण्याने बाग बसते.

आणि मुसळधार पावसानंतर तलाव रिकामा करायचा नाही. हे मला सर्वांत नवलाचे वाटले. जमिनीत पाणी भरले असताना हौद उपसला तर खालच्या पाण्याच्या रेट्याने सबंध हौद होडीसारखा वर उचलला जातो आणि तडकतो. २०२२ साली कंपनीच्या फोनवर कोणी तरी दाजींना ‘सगळे पाणी काढून टाका’ असाच सल्ला दिला होता. त्यांनी तो ऐकला नाही. पीएच ठीक केला, द्रवरूप क्लोरीन घातला, भिंती ब्रशने घासल्या, पंप रात्रंदिवस चालवला. हिरव्याचा राखी झाला, राखीचा दुधी, आणि आठव्या दिवशी तळ दिसला. दुधी पाण्यात तर कोणी उतरताच कामा नये. जंतूंचे सोडा, तळाशी गेलेले मूल दिसत नाही.

येथे तलावाच्या देखभालीची हद्द संपून कायद्याची सुरू होते. क्वीन्सलंडात ३०० मिलिमीटर पाणी साठू शकेल अशा हौदाला, मग तो हवा भरून फुगवलेला का असेना, कुंपण सक्तीचे आहे. उंची निदान १२०० मिलिमीटर, गजांमधली फट १०० मिलिमीटरांहून कमी, फाटक तलावापासून बाहेर उघडणारे, सोडले की आपोआप मिटून कडी लागणारे. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, पाय देऊन चढता येईल असे काही ठेवायचे नाही. तोंडावाटे श्वास देऊन, छाती दाबून माणूस कसा शुद्धीवर आणावा याची सचित्र पाटी तलावाशी लावलेली असावी लागते. दाजी महिन्यातून एकदा फाटक निरनिराळ्या कोनांतून सोडून पाहतात. कडी लागली नाही तर बिजागरीची कमान आवळतात. वहीत क्लोरीनच्या रकान्याशेजारी ‘फाटक’ असा रकाना आहे. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात उभारून ओरडत नाही. ते मुकाट्याने खाली जाते. तेव्हा पाण्याच्या सगळ्या रसायनापेक्षा ही स्प्रिंग महाग.

आपल्याकडे परसातले तलाव थोडे. पण लोणावळा, कर्जत, अलिबाग, गोवा येथे शनिवार-रविवारसाठी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांना तलाव असतात आणि जाहिरातीत त्यांचीच छायाचित्रे पहिल्यांदा दिसतात. चार कुटुंबे मिळून जातात, सामान उतरते न उतरते तो मुले पाण्यात. कुंपण बहुधा नसते. पाणी निळेशार दिसते, कारण फरशी निळी असते. परत आल्यावर गतवर्षी आम्ही चार जण कुटुंबांसह कर्जतकडे अशा एका बंगल्यावर गेलो. बायको मुलांना थोपवून धरीत होती, तोवर मी राखणदाराला विचारले, “दादा, या पाण्यात औषध शेवटचं कधी घातलं?”

तो मिनिटभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “साहेब, आजवर हे कुणी विचारलं न्हाई,” आणि पंपाच्या खोलीत जाऊन एक बाटली घेऊन आला. गावात तो ग्रामपंचायतीचे पाणी सोडण्याचे काम करीत असे. तेथलीच ती ओटीची बाटली. त्याने ओंजळभर पाणी काचेच्या नळीत धरले, पाच थेंब टाकले आणि उजेडाकडे करून मला दाखवले. रंग फिकट पिवळा आला होता.

“आज सकाळीच टाकलंय,” तो म्हणाला. “पण मालक म्हंत्यात, वास येतो, कमी टाक.”

मग त्या वासाचे मूळ त्याला समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात बायकोने व्हरांड्यातल्या दोन बाकांनी तलावाकडची वाट अडवून टाकली, आणि मोठ्यांपैकी कोणी किती वाजता काठावर बसायचे याच्या पाळ्या लावल्या. माझी पाळी तिने भर दुपारची ठेवली होती.